निकॉन कूलस्कॅन फाइव्ह ईडी (एलएस-५०): स्कॅन धूसर, एक रेघ आणि मधूनच लुकलुकणारा दिवा. उघडावा का?

फ्रेम३६अ

यंत्र: निकॉन कूलस्कॅन फाइव्ह ईडी, म्हणजे एलएस-५०, हा फिल्म स्कॅनर. सोबत एसए-२१ (फिल्मच्या पट्टीसाठी) आणि एमए-२१ (माउंट केलेल्या स्लाइडसाठी) असे दोन अडॅप्टर. विंडोज ११, ६४ बिट. सॉफ्टवेअर व्ह्यूस्कॅन. यंत्र रत्नागिरीत आहे, त्यामुळे दमट हवा आलीच.

तक्रारी तीन:

१. स्लाइडमध्ये उजेड आणि अंधार जिथे भिडतात तिथे उजेड अंधारात सांडतो. आभाळासमोरचं झाड असेल तर फांद्यांभोवती पांढुरकं वलय. काळा रंग काळा न येता राखाडी येतो.

२. निगेटिव्हच्या स्कॅनमध्ये फ्रेमच्या लांब बाजूला समांतर एक बारीक रेघ येते. सगळ्याच फ्रेममध्ये येते, पण रोज नाही.

३. चालू केल्यावर कधीकधी समोरचा दिवा भराभर लुकलुकत राहतो आणि व्ह्यूस्कॅन म्हणतं स्कॅनर नाही. बंद करून पुन्हा चालू केल्यावर कधी ठीक होतो, कधी नाही.

सर्व्हिस सेंटर इतकं जुनं मॉडेल घेत नाही. उघडायची तयारी आहे, मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन दोन्ही हाताळता येतात. कुठून सुरुवात करू?

---

टाकणखार

सोल्डरिंग गन कपाटातच राहू द्या, बहुधा लागणार नाही.

तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी दिसतात. पहिली जवळपास नक्कीच आरशावरची धूळ. दुसरी बहुतेक कॅलिब्रेशनची, आणि ती न उघडताच सुटेल. तिसरी वंगण, सेन्सर किंवा जोडण्या यांपैकी काहीतरी. एकदम सगळं खोललं तर कशाने काय सुधारलं ते कळणार नाही, आणि नवीन काही बिघडलं तर तेही नाही.

आधी आतली रचना लक्षात घ्या. फिल्म आडवी आत जाते. एका बाजूला एलईडींचा दिवा: लाल, हिरवा, निळा आणि इन्फ्रारेड. फिल्ममधून आलेला उजेड खाली ४५ अंशात बसवलेल्या आरशावर पडतो, तिथून वळून लेन्समध्ये आणि लेन्समधून सीसीडीवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर. आरशाचं तोंड वरच्या बाजूला आहे. फिल्मच्या फटीतून जी काही धूळ आत शिरते ती वीस वर्षं थेट त्याच्यावर बसत आली आहे. ही धूळ फोकसच्या जवळपासही नसते, म्हणून ठिपके दिसत नाहीत. ती फक्त उजेड विखुरते. वलय येतं ते त्याचंच.

इलाज आरसा पुसणे हाच. पण त्याआधी मोजमाप घ्या. नाहीतर पुसल्यावर "बरं वाटतंय" एवढंच सांगता येईल.

---

इन्फ्रारेड

मोजमापाची पद्धत देतो.

स्लाइडचा रिकामा माउंट घ्या. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल दुहेरी करून नव्या ब्लेडने सरळ कापा आणि अर्धी चौकट झाकली जाईल असा माउंटमध्ये बसवा. म्हणजे अर्धी फ्रेम पूर्ण उघडी, अर्धी पूर्ण काळी. एमए-२१ मध्ये घालून ४००० डीपीआयला स्कॅन करा. प्रकार 'स्लाइड', इन्फ्रारेड क्लीनिंग बंद, शार्पनिंग बंद, १६ बिट टिफ.

व्ह्यूस्कॅनमध्ये आधी प्रीव्ह्यू, मग 'लॉक एक्स्पोजर' वर टिचकी. हे विसरलात तर पुढचा स्कॅन वेगळ्या एक्स्पोजरला होईल आणि तुलना फुकट जाईल. एक्स्पोजरचा आकडा कागदावर लिहूनही ठेवा.

४००० डीपीआयला १ मिमी म्हणजे साधारण १५७ पिक्सेल. फॉइलच्या कडेपासून काळ्या बाजूला ०.५, १, २ आणि ५ मिमीवर (अंदाजे ७९, १५७, ३१५, ७८७ पिक्सेल) पिक्सेलची किंमत वाचा. आरसा स्वच्छ असेल तर किंमत कडेपासून झपकन खाली येते आणि खालीच राहते. आरसा मळलेला असेल तर लांब शेपूट दिसतं, ५ मिमीवरही काळं पूर्ण काळं होत नाही. हे चार आकडे जपून ठेवा. पुसल्यावर त्याच फॉइलने, त्याच एक्स्पोजरला पुन्हा घ्या.

कडच मुळात धूसर असेल, म्हणजे उजेडातून अंधारात जायला दहा-बारा पिक्सेल लागत असतील, तर तो फोकसचा प्रश्न, आरशाचा नव्हे. दोन्ही एकत्र असू शकतात: आरसा मळला की कॉन्ट्रास्ट पडतो आणि ऑटोफोकस चाचपडत बसतो.

---

अंधारखोली

रेघेबद्दल. फ्रेमच्या लांब बाजूला समांतर म्हणजे स्कॅनच्या दिशेने. सीसीडी ही पिक्सेलची एकच ओळ, ती फिल्मच्या २४ मिमी रुंदीला आडवी पसरलेली, आणि फ्रेमची ३६ मिमी लांबी सरकत सरकत वाचली जाते. त्या ओळीतला एक पिक्सेल चुकीचं वाचत असला की त्याची रेघ फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते.

पण फिल्मवरचे ओरखडेही याच दिशेने असतात. कॅमेऱ्यातल्या प्रेशर प्लेटवर किंवा लॅबच्या मशीनमध्ये कचऱ्याचा कण असेल तर रोलभर एकसारखी रेघ पडते. म्हणून आधी पट्टी उलटी करून घाला, म्हणजे चमकदार बाजू खाली. चित्र आरशात पाहिल्यासारखं येईल. चित्राबरोबर रेघही पलीकडे गेली तर दोष फिल्ममध्ये. रेघ जागची हलली नाही तर दोष यंत्रात.

यंत्रात असेल तर पहिला संशय सवयीवर घ्या. चालू होताना हे यंत्र रिकाम्या उजेडावर स्वतःचं कॅलिब्रेशन करतं. त्या वेळी एसए-२१ मध्ये फिल्म अडकलेली असेल तर निगेटिव्हचा नारिंगी बेस आणि त्यावरचा कचरा हाच 'पांढरा' समजून हिशोब लावला जातो. मग सगळ्या स्कॅनमध्ये रंगीत रेघा. "रोज नाही" हे तुमचं वाक्य वाचून तेच वाटतंय. फिल्म बाहेर काढा, यंत्र बंद करा, पुन्हा चालू करा, दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. व्ह्यूस्कॅनमध्ये 'कॅलिब्रेट' आहे, तेही अडॅप्टर रिकामा ठेवूनच.

रंगही पाहा. एलएस-५० मध्ये लाल, हिरवा, निळा हे उजेड आळीपाळीने लागतात आणि तीच एक ओळ तिन्ही वाचते. सीसीडीच्या काचेवर कण असेल तर तिन्ही रंग सारखेच अडतात, रेघ राखाडी येते. रेघ ठळक रंगीत असेल तर कॅलिब्रेशनकडे बोट जातं.

---

फ्रेम३६अ

> पट्टी उलटी करून घाला

केलं. रेघ जागची हलली नाही. मग फिल्म काढून बंद-चालू केलं, रेघ गेली. पट्टी आत असताना मुद्दाम बंद-चालू केलं, रेघ परत आली, हिरवट. म्हणजे दुसरी तक्रार निकालात.

फॉइलचे आकडे (१६ बिट, उघडी बाजू साधारण ५८,०००): ०.५ मिमीवर ३,९००, १ मिमीवर ३,१००, २ मिमीवर २,४००, ५ मिमीवर १,५००. कड स्वतः तीन-चार पिक्सेलमध्ये पडते.

---

इन्फ्रारेड

फोकस ठीक आहे. ५ मिमीवर अडीच टक्क्यांहून जास्त उजेड म्हणजे आरसा पुसायलाच हवा.

---

टाकणखार

तर मग उघडायची तयारी. सामान आधी जमवा, अर्धवट खोललेलं यंत्र टेबलावर आठवडाभर पडू देऊ नका:

जेआयएस (जपानी मानकाचा) स्क्रूड्रायव्हर, ० आणि १ नंबर. जपानी यंत्रांतले स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात पण खाच वेगळी असते. साधा फिलिप्स निसटतो आणि डोकं खातो.

आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) ९९ टक्के. केमिस्टकडचं ७० टक्क्यांचं किंवा सॅनिटायझर चालणार नाही. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, त्याचा थर आरशावर बसेल.

डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, रबरी ब्लोअर, धागे न सुटणारे पॅड किंवा लेन्सचे टिश्यू, फोमच्या टोकाचे स्वॅब. कानात घालायच्या कापसाच्या काड्या नकोत, धागे सुटतात आणि कापूस चिकटवायचा डिंक आयपीएत विरघळतो.

नायट्राइल हातमोजे, मनगटाला अर्थिंगचा पट्टा, चांगला टॉर्च.

प्लॅस्टिकला चालणारं सिंथेटिक ग्रीस, अगदी थोडं. डब्ल्यूडी-४० आसपाससुद्धा नको. ते उडून जातं, मागे चिकट थर राहतो, आणि त्याचा सूक्ष्म फवारा लेन्सवर बसतो.

आता विजेचं. या यंत्राचा पॉवर सप्लाय आतच आहे, २३० व्होल्टवर थेट चालणारा. मेनच्या बाजूच्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतं. वायर भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागणार नाही. पंधरा मिनिटं थांबा. कव्हर निघाल्यावर मल्टिमीटर ६०० किंवा १,००० व्होल्ट डीसीवर ठेवून त्या कपॅसिटरची टोकं तपासा. दहा व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात नाही. पॉवर सप्लायला तक्रार नसेल तर त्या भागाला हातच लावू नका.

---

तापकीर_गल्ली

सामान कुठे मिळेल: पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. ९९ टक्के आयपीए सर्किट बोर्ड साफ करायला म्हणून मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकणारे ठेवतात. डब्यावर टक्केवारी छापलेली नसेल तर घेऊ नका. काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकून पाहायचा: पूर्ण सुकल्यावर काचेवर कड किंवा डाग राहिला तर ते आयपीए आरशासाठी बाद.

डिस्टिल्ड वॉटर म्हणून बॅटरीचं पाणी आणाल तर त्याचीही हीच परीक्षा घ्या.

---

टाकणखार

खोलण्याचा क्रम. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो, आणि स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये खण करून. लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूड जागी गेला तर खालच्या बोर्डात घुसेल.

अडॅप्टर काढा. तळाचे आणि मागचे स्क्रू काढून बाहेरचं कवच सरकवून काढायचं. अडलं तर जोर न लावता राहिलेला स्क्रू शोधा.

कवच निघाल्यावर बोर्डाला जाणाऱ्या चपट्या केबली दिसतील. काही कनेक्टरना कुलूप असतं: आधी छोटी पट्टी वर उचलायची किंवा मागे ओढायची, मग केबल निघते. कुलूप न उघडता ओढलं तर कनेक्टर तुटतो, आणि तसला मिळवणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं. केबल काढण्याआधी तिची कड आणि कनेक्टर यांवर मार्करने एकच आडवी खूण करा. परत बसवताना खूण जुळली म्हणजे केबल पूर्ण आत आणि सरळ.

ऑप्टिकल ब्लॉकवर काही स्क्रूंच्या डोक्यांवर रंगाचा किंवा लाखेचा ठिपका दिसेल. त्यांना हात लावायचा नाही. सीसीडीची पाटी आणि लेन्स यांची जागा कारखान्यात मोजून पक्की केलेली आहे. सीसीडी केसभर तिरकी झाली तर फ्रेमची एक बाजू कायम आउट ऑफ फोकस राहील, आणि ती घरी परत जुळवता येत नाही. धूळ परवडली.

आरसा जागेवरून न काढता पोहोचता येत असेल तर काढू नका. काढावाच लागला तर धरणाऱ्या पट्टीची बाजू आणि आरशाची दिशा यांचा फोटो घ्या आणि आरशाच्या मागच्या बाजूला, परावर्तन न होणाऱ्या कोपऱ्यात, मार्करने बाण काढा.

---

अंधारखोली

पुसण्याबद्दल मी लिहितो, कारण नुकसान इथेच होतं.

हा घरातल्या आरशासारखा नाही. घरच्या आरशात चांदी काचेच्या मागे असते, पुसतो ती काच. इथे अॅल्युमिनियमचा थर काचेच्या पुढच्या बाजूला आहे, मायक्रॉनच्या अंशाइतका जाड. कोरडी धूळ त्याच्यावर घासली म्हणजे पॉलिश पेपरच फिरवला. आरशांचे निळे स्प्रेही नकोत. त्यात अमोनिया असेल तर अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

पहिली पायरी फक्त ब्लोअर, आरसा खाली तोंड करून. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार बसतात. कॅनमधली हवाही नको, तिरका धरला की द्रव बाहेर येतो.

दुसरी पायरी पाणी. शंभर मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिक्विडचा एकच थेंब. आरसा सुटा असेल तर त्यावर हे पाणी ओता, मिनिटभर राहू द्या, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन टाका. बरीचशी धूळ हात न लावताच निघते.

तिसरी पायरी टिश्यू. आयपीएने ओला केलेला टिश्यू आरशाच्या एका कडेवर ठेवा आणि एका टोकाला धरून पलीकडे ओढत न्या. टिश्यूच्या स्वतःच्या वजनाशिवाय दाब नाही. एक ओढ, एक टिश्यू. पुन्हा हवा असेल तर नवा. गोल गोल पुसायचं नाही. आरसा जागेवरच असेल तर हेच काम फोमच्या स्वॅबने, एकाच दिशेने, प्रत्येक ओढीला स्वॅबची नवी बाजू.

टॉर्च अगदी तिरका धरून पाहा. सरळ उजेडात सगळंच स्वच्छ दिसतं. दोन-चार कण राहिले तर राहू द्या. त्या कणांनी काही बिघडत नाही, त्यांच्या मागे लागून ओरखडे पडतात.

आणि कोकणातलं यंत्र आहे म्हणून: लेन्सच्या पुढच्या काचेकडेही टॉर्चने बघा. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसतील. बाहेरच्या काचेवर असतील तर आयपीएने निघतात. लेन्सच्या आत असतील तर तिथेच थांबा.

---

न्यू_जर्सीकर

वाचनखूण साठवली. माझ्याकडे सुपर कूलस्कॅन ४००० (एलएस-४०००) आहे, फायरवायरवाला, म्हणजे यूएसबीऐवजी त्या जुन्या जोडणीचा. धुकं तसंच आहे, म्हणजे आरसा तसाच पुसायचा असं धरतो. पण आधी तो नव्या कॉम्प्युटरला जोडायचा कसा?

---

इन्फ्रारेड

आरशाचं तत्त्व तेच, खोलण्याचा तपशील थोडा वेगळा.

जोडणी: डेस्कटॉप असेल तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं पीसीआय एक्स्प्रेस फायरवायर कार्ड. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून '१३९४ ओएचसीआय कम्प्लायंट होस्ट कंट्रोलर (लेगसी)' हा ड्रायव्हर निवडून बघा, नव्याशी काही स्कॅनरचं जमत नाही. मॅक असेल तर मॅकओएस २६ ने फायरवायरचा आधार काढून टाकला आहे. त्याआधीच्या आवृत्तीवरचा जुना मॅक स्कॅनरसाठी बाजूला ठेवणं सगळ्यात सोपं. व्हर्च्युअलबॉक्सचा उपयोग नाही, त्यातून यूएसबी जातं पण फायरवायर जात नाही.

आणि फायरवायरची केबल दोन्ही यंत्रं बंद असतानाच लावा-काढा. सहा पिनच्या सॉकेटमधून वीजही जाते, प्रमाणानुसार ३० व्होल्टपर्यंत. सैल झालेल्या सॉकेटमध्ये केबल तिरकी किंवा उलटी घुसली तर ती वीज डेटाच्या पिनांवर जाते आणि इंटरफेसची चिप जळते. यंत्र चालू होतं, दिवा स्थिर होतो, सगळं ठीक वाटतं, फक्त कॉम्प्युटरला दिसत नाही. "मुका" झालेला एलएस-४००० किंवा एलएस-८००० कोणी स्वस्तात देत असेल तर हेच झालेलं असण्याची शक्यता मोठी.

---

टाकणखार

मूळ धाग्याकडे. तिसरी तक्रार, लुकलुकणारा दिवा.

सावकाश लुकलुकणं म्हणजे यंत्र कामात आहे. भराभर म्हणजे स्वतःची तपासणी करताना काहीतरी अडलं. चालू होताना ऑप्टिकल ब्लॉक आपल्या ठरलेल्या सुरुवातीच्या जागी जातो, आणि तिथे पोहोचल्याची खबर एक फोटोइंटरप्टर देतो: इंग्रजी 'यू'च्या आकाराचा काळा सेन्सर, एका पायात एलईडी, दुसऱ्यात डिटेक्टर, मधून पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची जीभ जाते. ठरावीक वेळात खबर आली नाही की यंत्र हात वर करतं.

संशयित, स्वस्तापासून महागापर्यंत:

अडॅप्टरचे संपर्क. एसए-२१ आणि एमए-२१ आळीपाळीने लावून पाहा. एकाच अडॅप्टरने त्रास होत असेल तर त्याच्या मागचे सोनेरी संपर्क आयपीएने पुसा. खोडरबर घासू नका, सोन्याचा मुलामा जातो.

यूएसबी. दिवा स्थिर असूनही स्कॅनर दिसत नसेल तरच. दोन मीटरच्या आतली चांगली केबल, आणि यूएसबी ३ च्या पोर्टवर कुरकुर असेल तर मध्ये वीज असलेला यूएसबी २ चा हब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी पाहा: निकॉनचा व्हेंडर ०४बी०, एलएस-५० चा प्रॉडक्ट ४००१ (एलएस-४० चा ४०००, एलएस-५००० चा ४००२). हे आकडे दिसले म्हणजे तार आणि पोर्ट ठीक, प्रश्न ड्रायव्हरचा.

फोटोइंटरप्टरमधली धूळ. फटीत ब्लोअर, मग आयपीएचा स्वॅब एकदा. दोन मिनिटांचं काम आणि बऱ्याचदा पुरतं.

सुकलेलं ग्रीस. चालू करताना कान देऊन ऐका. निरोगी यंत्राचा आवाज एकसारखा घूंऽ असा आणि थांबतो. मोटर कर्रर्र करून जागच्या जागी थरथरत असेल तर ब्लॉक अडतोय. वीज काढून ब्लॉकच्या दांड्या पाहा: ग्रीस पिवळं, मेणासारखं झालेलं असतं आणि त्यात धूळ मळलेली.

जुनं ग्रीस आयपीएने पुसून पूर्ण काढायचं. जुन्यावर नवं थापलं की दोन्ही मिळून लेई होते. स्क्रू-शाफ्टच्या खाचांत ते दडलेलं असतं, मऊ ब्रशने काढा. नवं ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, शाफ्टच्या पूर्ण लांबीवर पसरून. शाफ्ट हाताने सावकाश फिरवत ब्लॉक या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या, मग बाहेर आलेलं पुसून टाका. ब्लॉकला ढकलू नका, प्लॅस्टिकच्या नटाचे दात जातात. ग्रीस आरशाच्या आधी की नंतर? आधी. आरसा सगळ्यात शेवटी.

शेवटचा संशयित बोर्डावरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. थंड असताना दिवा लुकलुकतो आणि अर्धा तास चालू ठेवल्यावर ठीक होतो, असं असेल तरच तिकडे वळा. पायाशी तपकिरी डाग, निस्तेज सोल्डर किंवा माशासारखा वास ही गळतीची लक्षणं.

---

कॅमेरावाला_अप्पा

एवढा उपद्व्याप कशाला? २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, १:१ मॅक्रो लेन्स, ९५ च्या वर सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) एलईडी पॅनेल. फ्रेमला एक सेकंद.

---

अंधारखोली

अप्पा, कृष्णधवलसाठी तुमच्याशी सहमत. चांदीची फिल्म इन्फ्रारेडलाही अडवते, त्यामुळे डिजिटल आइस (इन्फ्रारेडने धूळ-ओरखडे ओळखून पुसणारी सोय) तिथे चालतच नाही, आणि स्कॅनरचा मुख्य फायदा संपतो. व्ह्यूस्कॅनमध्ये कृष्णधवलसाठी इन्फ्रारेड बंदच ठेवावं, नाहीतर चित्रातले बारीक तपशील धूळ समजून पुसले जातात.

पण रंगीत निगेटिव्ह आणि ई-६ (नेहमीच्या रंगीत) स्लाइड, त्याही बुरशी आणि ओरखडे असलेल्या? रंगीत फिल्मचे डाय इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे नसतात, म्हणून चौथ्या चॅनेलमध्ये फक्त घाण दिसते. साध्या कॅमेऱ्याला हा चॅनेल नाही. लग्नाचे जुने अल्बम ज्यांना करायचे आहेत त्यांनी फोटोशॉपमध्ये एकेक ठिपका काढत बसायचं का, हे स्वतःच ठरवावं.

बुरशीने इमल्शनच (फिल्मवरचा चित्राचा थर) खाल्लं असेल तर मात्र आइसही हतबल. तिथे रंगच उरलेला नसतो.

---

फ्रेम३६अ

काम झालं. इतरांच्या उपयोगासाठी निष्कर्ष:

लुकलुकणं: फोटोइंटरप्टर पुसल्यावर कमी झालं, शाफ्टचं ग्रीस बदलल्यावर पूर्ण थांबलं. ग्रीस खरंच मेण झालं होतं. चालू होतानाचा आवाज आता एकसारखा.

आरसा: जागेवरच पुसला. तिरक्या टॉर्चमध्ये आधी पिठूर चांदण्यासारखा दिसत होता. पहिल्या स्वॅबवर राखाडी थर आला, चौथ्यावर काही नाही, तिथे थांबलो. लेन्सवर बुरशी नाही.

फॉइलचे आकडे, तेच एक्स्पोजर: ०.५ मिमीवर १,०५०, १ मिमीवर ७२०, २ मिमीवर ४८०, ५ मिमीवर २६०. उघडी बाजू ५८,००० वरून ६०,५०० झाली.

आता दोन प्रश्न. पट्ट्या वाकलेल्या आहेत, त्यामुळे मध्यभाग शार्प आणि कोपरे मऊ. आणि निकॉन स्कॅन (निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर) विंडोज ११ वर चालवावं का?

---

इन्फ्रारेड

आकडे उत्तम. यंत्र बंद करून कवच लावा.

वाकलेली फिल्म: या स्कॅनरची फोकसची खोली फारच कमी आहे. ऑटोफोकसचा बिंदू मध्यावर न ठेवता मध्य आणि कड यांच्या साधारण अर्ध्यावर ठेवा. चूक दोन्हीकडे वाटली जाते. त्याने भागलं नाही तर एफएच-३ होल्डर, जो एमए-२१ मध्ये बसतो. तो पट्टीला चारही बाजूंनी दाबून धरतो. पट्ट्या आधी आठवडाभर स्लीव्हमध्ये घालून जाड पुस्तकांखाली ठेवा. फार वाकलेली पट्टी एसए-२१ मध्ये कोंबू नका, आतल्या रोलरला अडकून घडी पडते.

निकॉन स्कॅन: शेवटची विंडोज आवृत्ती ४.०.३, ३२ बिट व्हिस्टापर्यंतची. ६४ बिटवर ती सॉफ्टवेअर म्हणून चालते, अडतो तो ड्रायव्हर. बदललेली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर बसवण्याच्या सूचनांची) वापरून बसवता येतो, त्यासाठी शिफ्ट दाबून रीस्टार्ट, मग स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ७ नंबर (ड्रायव्हरची सही तपासणं बंद). हे फक्त त्या एका बूटपुरतं असतं, बसवून झालं की नेहमीसारखं रीस्टार्ट. निगेटिव्हचे रंग निकॉन स्कॅनमध्ये चटकन चांगले येतात आणि आइस अस्सल मिळतो, म्हणून खटपट करावीशी वाटते हे मान्य.

माझा कल मात्र व्ह्यूस्कॅनमध्ये ६४ बिट आरजीबीआय (लाल, हिरवा, निळा आणि इन्फ्रारेड) रॉ साठवण्याकडे. एकदाच स्कॅन, रंग आणि सफाई नंतर हवी तशी. ३६×२४ मिमी फ्रेम ४००० डीपीआयला ५,६६९×३,७८० पिक्सेल, चार चॅनेल प्रत्येकी १६ बिट, म्हणजे फाइल सुमारे १७१ एमबी. ३६ फ्रेमच्या रोलला सहा जीबी धरून डिस्क घ्या.

---

तापकीर_गल्ली

रत्नागिरीत पावसाळ्यात ठेवायचं कसं तेही सांगा कोणीतरी. नाहीतर पुढच्या श्रावणात हाच धागा वर येईल.

---

टाकणखार

वापरात नसताना फट उघडी ठेवू नका, अडॅप्टर लावूनच ठेवा आणि वर सुती कापड. प्लॅस्टिकची पिशवी नको, आतली ओल आतच राहते. जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या खोक्यात, सोबत रंग बदलणारं सिलिका जेल पाव किलो आणि दोनतीनशे रुपयांचा हायग्रोमीटर. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास, नाहीतर कढईत मंद आचेवर. वापरून झाल्यावर यंत्र पूर्ण गार झाल्याशिवाय खोक्यात घालू नका. आठवड्यातून एकदा बाहेर काढून चालू करा, ब्लॉक पुढे-मागे होऊ द्या. ग्रीसला तेच लागतं.